हंटर थॉम्प्सन : रेषांत अडकलेला बातमीदार

हंटर एस. थॉम्प्सन या वादग्रस्त अमेरिकी लेखकाचे चित्ररूप चरित्र २०१० साली लंडनच्या ‘सेल्फमेडहीरो’ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. ‘गाँझो’ हे त्याचे नाव. लेखन विल बिंगली यांचे, कृष्णधवल चित्रे अँथनी होप-स्मिथ यांची आणि प्रस्तावना ॲलन रिंझलर यांची. दोन वर्षांनी त्याची अमेरिकी आवृत्तीही निघाली. चित्रचरित्र म्हटले की मराठी वाचकाला ‘अमर चित्र कथा’ आठवते. तेथे संत, वीर, राजे यांचे आयुष्य बत्तीस पानांत बसते आणि नायकाच्या थोरवीबद्दल कुणाला शंका नसते. थॉम्प्सनच्या बाबतीत मात्र थोरवीची शंका हाच चरित्राचा विषय आहे. त्याला विसाव्या शतकातील अमेरिकी पत्रकारितेचा एक अव्वल शैलीकार मानणारे आहेत, तसेच स्वतःच्या व्यसनांचे भांडवल करून देणगी उधळून टाकलेला माणूस मानणारेही आहेत. हे दोन्ही गट बऱ्याच अंशी खरे बोलतात, ही त्यातली खरी अडचण.

चित्रकारापुढची अडचण आणखी वेगळी. थॉम्प्सन हा त्याच्या हयातीतच एक चित्र होऊन बसला होता. टोपी, पिवळसर काचांचा चष्मा, दातांत धरलेली लांब सिगारेट-नळी, अर्धी विजार आणि रंगीबेरंगी सदरा. एवढ्या पाच गोष्टी काढल्या की कोणीही त्याला ओळखतो. त्यामुळे त्याचे चित्रचरित्र काढणे हे वरवर पाहता अगदी सोपे काम. पण या पाच गोष्टींच्या मागे रात्र रात्र टंकलेखन यंत्रापुढे बसणारा, पोलिसांच्या निवेदनांतील विसंगती शोधणारा, तरुणपणापासून आपल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत जपून ठेवणारा एक मेहनती बातमीदार होता, आणि तो रेषांत पकडणे फार कठीण. नशेतल्या माणसाला दिसणारे सरडे आणि वटवाघळे काढता येतात. वाक्य पुन्हा पुन्हा लिहिणारा माणूस चित्रात नुसता बसलेला दिसतो.

लुइव्हिलचा मुलगा

थॉम्प्सनचा जन्म १८ जुलै १९३७ रोजी केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे झाला. वडील विमा व्यवसायात. हंटर चौदा वर्षांचा असताना, १९५२ मध्ये ते वारले. तीन मुलांची जबाबदारी आईवर आली. ती सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करू लागली आणि त्याच काळात तिचे मद्यपानही वाढले. घरात पैसा नाही, पण मुलगा हुशार, वाचणारा आणि बंडखोर. गावातील प्रतिष्ठित घरांची मुले जिच्यात असत, त्या ‘अथेनियम’ नावाच्या विद्यार्थ्यांच्या वाङ्मयीन मंडळात त्याला प्रवेश मिळाला होता. पुढे उद्योग वाढत गेल्यावर मंडळाने त्याला काढून टाकले. १९५५ मध्ये एका लुटीच्या प्रकरणात साथीदार म्हणून त्याला साठ दिवसांची शिक्षा झाली. त्यातले सुमारे महिनाभर तो तुरुंगात होता आणि शालान्त परीक्षेला मुकला. त्याच्यासोबतच्या सधन घरच्या मुलांच्या वाट्याला तशी शिक्षा आली नाही, असे चरित्रकार सांगतात. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ यांच्यातील भिंत त्याने इतक्या लहान वयात इतक्या जवळून पाहिली की पुढची पन्नास वर्षे तो तिच्यावरच डोके आपटत राहिला, असे म्हणावे लागते.

सुटकेनंतर तो हवाई दलात भरती झाला. फ्लोरिडातील एग्लिन तळावरच्या नियतकालिकाचे क्रीडापान त्याच्याकडे आले आणि तेथे त्याला आपला व्यवसाय सापडला. १९५७ मध्ये हवाई दलातून सन्मानपूर्वक मोकळा झाल्यावर त्याने नोकऱ्या धरल्या आणि घालवल्या. ‘टाइम’ साप्ताहिकात तो हरकाम्या होता. तेथील फावल्या वेळात तो स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ आणि हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबऱ्या टंकलेखन यंत्रावर शब्दशः उतरवून काढीत असे, तेही केवळ त्या वाक्यांची लय बोटांत उतरावी म्हणून. गवयाने गुरूच्या ताना घोटाव्यात तसा हा रियाज होता. ‘टाइम’ने त्याला काढले, न्यूयॉर्क राज्यातील एका छोट्या दैनिकाने मिठाई विकणाऱ्या यंत्राची मोडतोड केल्यावरून काढले. १९६० मध्ये तो पोर्तो रिकोतील सान हुआन येथे जाऊन राहिला. तेथील अनुभवावर लिहिलेली ‘द रम डायरी’ ही कादंबरी जवळजवळ चार दशके पडून राहिली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९६२-६३ मध्ये दक्षिण अमेरिकेतून ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकाला त्याने पाठवलेली वार्तापत्रे आज फारशी वाचली जात नाहीत. ती वाचायला हवीत. कोलंबियाच्या किनाऱ्यावरील तस्करांच्या गावाचे त्याचे वर्णन संयत आहे, त्यात विनोद आहे, आणि मुख्य म्हणजे लेखक त्यात असूनही विषयाच्या आड येत नाही. नंतरच्या थॉम्प्सनला नावे ठेवणाऱ्यांनी आणि त्याची नक्कल करणाऱ्यांनीही हे लेखन डोळ्यांखालून घातलेले बरे. नियम मोडण्यापूर्वी ते त्याला उत्तम येत होते.

मोटारसायकलींची वर्षे

१९६५ मध्ये ‘द नेशन’चे संपादक कॅरी मॅकविल्यम्स यांनी त्याला कॅलिफोर्नियातील ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीवर लेख लिहायला सांगितले. राज्याच्या महाधिवक्त्यांचा एक अहवाल नुकताच गाजत होता आणि वृत्तपत्रांनी त्यातील भयानक तपशील जसेच्या तसे छापले होते. थॉम्प्सनने दोन साध्या गोष्टी केल्या. तो त्या माणसांना जाऊन भेटला, आणि अहवालातील प्रकरणांचे न्यायालयात पुढे काय झाले हे त्याने तपासले. अनेक आरोप टिकलेच नव्हते. लेखातून पुस्तक उभे राहिले. त्यासाठी तो वर्षभर टोळीबरोबर वावरला. अखेर १९६६ मध्ये टोळीतील काहींनी त्याला बेदम मारहाण केली आणि हा सहवास संपला.

‘हेल्स एंजल्स’ने त्याला नाव मिळवून दिले. ते पुस्तक टोळीचे उदात्तीकरण करते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो पूर्ण खरा नाही. पोलीस आणि वृत्तपत्रांची अतिशयोक्ती उघडी पाडतानाच टोळीतील हिंसा, स्त्रियांवरील अत्याचार आणि निर्बुद्ध क्रौर्य यांची नोंद थॉम्प्सन करतो. मात्र अत्याचाराच्या एका प्रसंगाचे वर्णन तो ज्या अलिप्तपणे करतो, ते आज वाचताना अंगावर येते. लेखक तेथे केवळ साक्षीदार होता काय, हा प्रश्न वाचकाला पडतो आणि पुस्तक त्याचे समाधानकारक उत्तर देत नाही.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपले. पत्रकारांनाही सोडले नाही. थॉम्प्सनच्या पोटात दंडुका बसला. या घटनेने त्याचे राजकारण बदलले असे तो स्वतः सांगत असे. दोन वर्षांनी तो कोलोरॅडोतील पिटकिन काउंटीच्या शेरीफपदासाठी, म्हणजे तेथील निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या पदासाठी, उभा राहिला. ॲस्पेन हे त्या भागातील श्रीमंतांचे गाव. त्याचे नाव बदलून ‘फॅट सिटी’ करावे, म्हणजे जमिनीचे दलाल ते नाव विकणार नाहीत. रस्त्यांचे डांबर उखडून तेथे हिरवळ लावावी. अशी त्याची वचने होती. प्रतिस्पर्ध्याचे केस बारीक कापलेले, म्हणून त्याने स्वतःचे डोके तुळतुळीत केले आणि भाषणांत प्रतिस्पर्ध्याला ‘लांब केसांचा’ म्हणून हिणवले. हा सगळा तमाशाच वाटतो. पण जमिनीच्या किमती, बाहेरचे गुंतवणूकदार आणि गावातून हुसकले जाणारे मूळ रहिवासी हा त्यामागचा विषय खरा होता. तो हरला, थोड्या फरकाने.

याच निवडणुकीत त्याने व चित्रकार टॉम बेंटन यांनी भित्तिपत्रके काढली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला थॉम्प्सनचा मजकूर. दोन अंगठ्यांची मूठ हे चिन्ह त्याच काळात जन्मले. शब्द आणि चित्र एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापण्याची ही पद्धत त्याच्या पुढच्या आयुष्याचा नकाशाच ठरली.

शाई हरवलेला चित्रकार

त्याच वर्षी, १९७० च्या मे महिन्यात, ‘स्कॅनलन्स मंथली’ या अल्पायुषी मासिकाने त्याला त्याच्याच जन्मगावी केंटकी डर्बी या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीवर लिहायला पाठवले. सोबत चित्रकार हवा होता. मासिकाने इंग्लंडहून नुकतेच आलेले राल्फ स्टेडमन यांना धाडले. दोघांची ही पहिली भेट. स्टेडमन आपली शाई व रंग न्यूयॉर्कमधील टॅक्सीत विसरले होते. मासिकाच्या एका सहकाऱ्याच्या घरातून मिळालेल्या ओठांच्या लाल्या आणि डोळ्यांच्या रंगकांड्या हेच त्यांचे साहित्य. त्या प्रसाधनांनी त्यांनी लुइव्हिलच्या प्रतिष्ठितांचे जे चेहरे काढले, ते चित्रांच्या इतिहासात राहिले.

लेखाची कथा अशी की घोडे त्यात जवळजवळ नाहीतच. दोघे मिळून प्रेक्षकांत एक विशिष्ट चेहरा शोधतात. मद्याने, पैशाने आणि पिढीजात गर्वाने सुजलेला, त्या गावाचे सार असलेला चेहरा. तो त्यांना अखेरीस सापडतो तो आरशात. मुदत उलटून गेली होती. थॉम्प्सनला लेख जुळवता येईना. तेव्हा त्याने टिपणवहीतील पाने फाडून जशीच्या तशी पाठवायला सुरुवात केली. आपण संपलो असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात अभिनंदनाची पत्रे आली. बोस्टनमधील पत्रकार मित्र बिल कार्डोसो यांनी या लेखाला ‘गाँझो’ हे विशेषण लावले. ते त्याला चिकटले ते कायमचे.

गाँझो म्हणजे काय, याची शास्त्रशुद्ध व्याख्या कुणी केलेली नाही आणि करण्यात हशीलही नाही. वार्ताहर हाच बातमीचा नायक होतो, घटना व कल्पना एकमेकींत मिसळतात, अतिशयोक्ती हे निरीक्षणाचे साधन बनते, आणि मजकूर घडत असतानाची धांदल मजकुरातच दिसते. टॉम वुल्फ आदींच्या ‘नव्या पत्रकारिते’शी त्याचे नाते सांगितले जाते. पण वुल्फ स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या डोक्यात शिरत असे. थॉम्प्सन दुसऱ्याला बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यात राहतो. फरक मोठा आहे. आणि त्यात स्टेडमन यांच्या रेषेचा वाटा किती, हे नेहमीच कमी सांगितले जाते. थॉम्प्सनचे गद्य वाचताना वाचकाच्या मनात जे शाईचे शिंतोडे आणि फाटके जबडे उमटतात, ते स्टेडमन यांनी दिलेले आहेत.

दोन लेख, एक मोटार

१९७१ हे त्याच्या आयुष्यातील महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी त्याने एकाच मुळातून निघालेले दोन मजकूर लिहिले. त्यातील एक जगप्रसिद्ध झाला आणि दुसरा जाणकारांपुरता उरला.

२९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन-अमेरिकनांचा व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. पोलीस कारवाईनंतर पांगापांग झाली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे स्तंभलेखक आणि एका स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्राचे वृत्तसंचालक रुबेन सालाझार हे ‘सिल्व्हर डॉलर’ नावाच्या उपाहारगृहात बसले असताना शेरीफच्या एका शिपायाने आत झाडलेली अश्रुधुराची नळकांडी त्यांच्या डोक्याला लागली आणि ते ठार झाले. सालाझार पोलिसांच्या वर्तनावर सातत्याने लिहीत असत. थॉम्प्सनने ‘रोलिंग स्टोन’साठी या मृत्यूचा मागोवा घेतला. पोलिसांनी एकामागून एक दिलेली परस्परविरोधी निवेदने त्याने शेजारी शेजारी मांडली. हा ठरवून केलेला खून होता असे तो सिद्ध करू पाहत नाही. उलट हत्येपेक्षा बेपर्वाई, आणि बेपर्वाईपेक्षा नंतरची खोटी निवेदने त्याला अधिक भयावह वाटतात. हा लेख १९७१ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरडे नाहीत, वटवाघळे नाहीत. गाँझोचे नाव घेऊन नाके मुरडणाऱ्यांनी हा लेख वाचला तर त्यांना आपले मत थोडे तरी बदलावे लागेल.

या कामात त्याचा मुख्य दुवा होता ऑस्कर झेटा अकोस्टा हा मेक्सिकन-अमेरिकन वकील. लॉस एंजेलिसमधील तापलेल्या वातावरणात, सतत आजूबाजूला असणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर, गोऱ्या पत्रकाराशी मोकळे बोलणे अकोस्टाला शक्य नव्हते. नेमके तेव्हाच ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने थॉम्प्सनला लास व्हेगासजवळच्या वाळवंटातील ‘मिंट ४००’ या मोटारसायकल शर्यतीच्या छायाचित्रांसोबत २५० शब्दांचा मजकूर मागितला होता. एक मोटार भाड्याने घेऊन दोघे वाळवंटाकडे निघाले. २५० शब्दांऐवजी थॉम्प्सनने २,५०० शब्द पाठवले. मासिकाने ते परत केले. तेच वाढत वाढत ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास’ झाले. राउल ड्यूक या टोपणनावाने ते १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या दोन अंकांत आले, पुढच्या वर्षी पुस्तकरूपात. चित्रे अर्थातच स्टेडमन यांची. गंमत अशी की स्टेडमन त्या प्रवासात नव्हते. इंग्लंडमध्ये बसून, मजकूर वाचून त्यांनी ती काढली. लोकांच्या मनात या पुस्तकाची जी दृश्ये कोरली गेली आहेत, ती कुणीही पाहिलेली नाहीत.

भय आणि किळस असा अर्थाचे नाव मिरवणारे हे पुस्तक अमली पदार्थांच्या सेवनाची स्तुती करते, असा सार्वत्रिक समज आहे. ते खरे तर साठच्या दशकातील आशेचा शोकलेख आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९६५ च्या सुमारास तरुणांना वाटलेला आपल्याच विजयाचा भरवसा, आणि सहा वर्षांत त्याचे उरलेले भग्नावशेष. यावर त्यात एक प्रदीर्घ, शांत उतारा आहे, आणि थॉम्प्सनला आपल्या लेखनात तोच सर्वांत प्रिय होता. पण त्या शोकाला वाचकवर्ग कमी. वाचकांना आवडली ती मोटार आणि तिच्या मागच्या भागातील नशेच्या सामानाची यादी.

या यशाची किंमत अकोस्टाने चुकवली. पुस्तकात थॉम्प्सनने त्याला ‘तीनशे पौंडी सामोअन वकील’ बनवले. ओळख लपवण्यासाठी हे केले असे कारण दिले गेले. अकोस्टाला राग आला तो नशेच्या वर्णनांचा नव्हे, तर ज्या समाजासाठी तो झगडत होता त्याचे नावच पुसले गेले याचा. वेष्टनावर आपले छायाचित्र छापावे, या अटीवर त्याने संमती दिली. १९७४ मध्ये तो मेक्सिकोत बेपत्ता झाला, त्याचा पुढे पत्ता लागला नाही. स्वतः अकोस्टा लेखक होता, त्याची दोन पुस्तके १९७२ व १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली, हेही अनेक वाचकांना ठाऊक नसते. थॉम्प्सनच्या लेखनात नावेनिशी येणाऱ्या माणसांचे हे असे होत असे. ती पात्रे होत आणि मग त्यांना माणूस म्हणून परत येता येत नसे. अखेर हीच गत लेखकाची झाली.

१९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीवरील त्याचे वृत्तलेखन हे त्याचे शेवटचे मोठे काम. वर्षभर तो प्रचाराबरोबर फिरला. जॉर्ज मॅकगव्हर्न यांना उमेदवारी मिळेल हे त्याने इतरांच्या आधी ओळखले, आणि निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली तेव्हा तो खचलाही. याच लेखनात सेनेटर एडमंड मस्की हे एक दुर्मीळ अमली औषध घेतात अशी वदंता असल्याचे त्याने लिहिले. पुढे विचारल्यावर म्हणाला की वदंता होती हे खरेच आहे, कारण ती मीच पसरवली होती. विनोद म्हणून हे चांगले आहे. पत्रकारिता म्हणून त्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि खोट्या बातम्यांच्या आजच्या काळात तो किस्सा पूर्वीइतका हसवत नाही. मॅकगव्हर्न यांच्या प्रचाराचे सूत्रधार फ्रँक मँकिविझ यांनी मात्र या पुस्तकाला तथ्यांच्या दृष्टीने सर्वांत कच्चे आणि तरीही सर्वांत अचूक असे म्हटले होते.

येथेच ॲलन रिंझलर यांचा संबंध येतो. पुस्तक पूर्ण होईना, तेव्हा या संपादकाने लेखकाला सॅन फ्रान्सिस्कोतील ‘सील रॉक इन’ येथे बसवून, प्रश्न विचारून, ध्वनिमुद्रण करून शेवटचा भाग काढून घेतला. ती प्रश्नोत्तरे पुस्तकात तशीच आहेत. पुढेही ‘द ग्रेट शार्क हंट’ (१९७९) आणि ‘द कर्स ऑफ लोनो’ (१९८३) ही पुस्तके रिंझलर यांच्याच हातून गेली. चित्रचरित्राला प्रस्तावना लिहायला याहून योग्य माणूस नव्हता. थॉम्प्सनची खोली, तिथली कागदांची पसारट आणि न लिहिलेली पाने त्यांनी जवळून पाहिली होती.

अंकल ड्यूक

१९७४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’ या लोकप्रिय चित्रमालिकेत ‘अंकल ड्यूक’ नावाचे पात्र अवतरले. टोपी, काळा चष्मा, सिगारेट-नळी. नशेबाज, बंदूकप्रेमी, निर्लज्ज. अमेरिकाभरच्या वृत्तपत्रांतून ते घरोघर गेले. थॉम्प्सन संतापला. आपण जिवंत असताना व्यंगचित्र होण्याची पाळी फार थोड्यांवर येते. जो माणूस सहज गर्दीत उभा राहून ऐकायचा, टिपायचा, त्याच्याभोवतीच आता गर्दी जमू लागली. बातमीदाराचे पहिले भांडवल म्हणजे अनोळखी असणे. ते गेले.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची मुष्टियुद्धाची लढत पाहण्यासाठी ‘रोलिंग स्टोन’ने त्याला व स्टेडमन यांना झैरेतील किन्शासा येथे पाठवले. लढतीच्या रात्री थॉम्प्सन हॉटेलच्या तलावात तरंगत राहिला. लढत त्याने पाहिलीच नाही, लेखही लिहिला नाही. शतकातील एक गाजलेली लढत हुकल्याचा हा किस्सा चाहते कौतुकाने सांगतात. चित्रात तर तो फारच शोभतो. पण मुदत, संपादक आणि विषय यांच्याशी असलेले त्याचे नाते त्या तलावात बुडाले, असेच नंतरच्या वर्षांकडे पाहता म्हणावे लागेल.

१९७८ मध्ये बीबीसीने काढलेल्या माहितीपटात तो स्वतःच हे बोलतो. व्याख्यानांना आपल्याला बोलावतात तेव्हा थॉम्प्सनला बोलावले आहे की ड्यूकला, हे आपल्याला कळत नाही, असे त्याचे म्हणणे. आपण मेलो तर दंतकथेचे बरे चालेल, असेही तो सुचवतो. त्याच माहितीपटात स्टेडमनसह तो हॉलीवूडच्या एका अंत्यविधी करणाऱ्या दुकानात जाऊन स्वतःच्या स्मारकाची चर्चा करतो. उंच स्तंभ, त्यावर दोन अंगठ्यांची मूठ, आणि रक्षा उडवणारी तोफ. स्टेडमन त्याचे रेखाटन करतात.

पुढील पंचवीस वर्षांचा हिशेब थोडक्यात देता येतो. कोलोरॅडोतील वुडी क्रीकच्या ‘आउल फार्म’वर वास्तव्य, सदरे, संग्रह, चित्रपट. १९८० मध्ये बिल मरे यांनी आणि १९९८ मध्ये जॉनी डेप यांनी त्याची भूमिका केली. दोघांनीही पुन्हा तीच टोपी घातली. १९९० मध्ये एका महिलेने त्याच्यावर लैंगिक अतिप्रसंगाचा आरोप केला. त्यानंतर घराची अकरा तास झडती झाली, अमली पदार्थ व स्फोटकांचे आरोपही लागले, आणि काही महिन्यांत खटला काढून घेण्यात आला. पहिल्या पत्नीशी १९८० मध्ये घटस्फोट झाला होता. त्या संसारातील संताप आणि भीती यांविषयी पत्नीने नंतर सांगितले. मुलगा हुआन याने २०१६ च्या आठवणींत वडिलांच्या रागाबद्दल आणि उशिरा झालेल्या समेटाबद्दल लिहिले. थॉम्प्सनबद्दलचे हे सर्वांत समंजस पुस्तक. बंडखोरीची किंमत घरातल्यांनी दिली, हे त्यात कडवटपणा न आणता येते, आणि कुठलेही चित्रचरित्र या पुस्तकाची जागा घेऊ शकणार नाही.

रेषांचा प्रश्न

होप-स्मिथ यांनी चित्रचरित्रात एक शहाणपणाचा निर्णय घेतला. त्यांनी स्टेडमन यांची नक्कल केली नाही. त्यांची रेषा स्वच्छ, काळ्या-पांढऱ्याचा तोल सांभाळणारी आहे, शिंतोडे नाहीत. त्यामुळे थॉम्प्सनचा चेहरा भुताचा न राहता माणसाचा दिसतो. २०१५ मध्ये ट्रॉय लिट्ल यांनी ‘लास व्हेगास’चे चित्ररूपांतर केले, त्यात विषयच असा की विकृतीला मोकळे रान मिळावे. चरित्राची जबाबदारी वेगळी. गाजलेल्या प्रसंगांची साखळी ओवली की चरित्र होते, हा या प्रकाराचा मोह. थॉम्प्सनने आपल्या आयुष्यातील प्रसंग स्वतःच इतके रंगवून सांगितले आहेत की चित्रकाराने ते जसेच्या तसे घेतले तर तो चरित्र नव्हे, दंतकथा काढत असतो. वयाच्या नवव्या वर्षी टपालपेटी उलथवल्यावरून एफबीआयची माणसे आपल्या घरी आली होती, ही ‘किंगडम ऑफ फिअर’ (२००३) मधील त्याची कथा त्याच जातीची. तिच्यावर किती विसंबायचे हे वाचकाने ठरवायचे असते. मात्र चित्रात काढलेली गोष्ट घडलेलीच वाटते. शब्दांत ‘म्हणे’ लिहिता येते, चौकटीत ते काढता येत नाही.

थॉम्प्सनला स्वतःला चित्राचे हे सामर्थ्य चांगले ठाऊक होते. तो छायाचित्रे काढी. तरुणपणापासून कॅमेरा समोर ठेवून स्वतःच्या छबी टिपत असे. पोर्तो रिको, बिग सर, हेल्स एंजल्स यांची त्याने घेतलेली छायाचित्रे मृत्यूनंतर, २००६ मध्ये, पुस्तकरूपाने आली. त्यांतला देखणा, लाजरा, सडपातळ तरुण कुठल्याही व्यंगचित्रात दिसत नाही.

२० फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, आउल फार्मवर त्याने आत्महत्या केली. प्रकृती बरीच खालावली होती, शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सहा महिन्यांनी, २० ऑगस्टला, १५३ फूट उंच मनोऱ्यावरून त्याची रक्षा तोफेने आकाशात उडवण्यात आली. खर्च जॉनी डेप यांनी केला. मनोऱ्याच्या टोकाला दोन अंगठ्यांची मूठ होती. १९७८ चे रेखाटन सत्तावीस वर्षांनी पोलादात उभे राहिले होते, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली.

त्याच्या अखेरच्या वर्षांतील एका कामाला तेवढी प्रसिद्धी लाभली नाही. डेन्व्हरमध्ये १९९७ साली एका पोलिसाची हत्या झाली. त्या प्रकरणात एका तरुणीला १९९८ मध्ये जन्मठेप झाली होती, तीही कधीच पॅरोल न मिळणारी. गोळी झाडली गेली तेव्हा ती हातकड्या घातलेल्या अवस्थेत पोलिसांच्या गाडीत बसली होती. २००१ मध्ये तिचे पत्र थॉम्प्सनला मिळाले. त्याने स्तंभ लिहिले, वकील जमवले, राज्याच्या विधानभवनासमोर सभा घेतली, आणि २००४ मध्ये एका सहलेखकाबरोबर ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये या खटल्यावर दीर्घ लेख प्रसिद्ध केला. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा २८ मार्च २००५ रोजी रद्द केली. थॉम्प्सनच्या मृत्यूला तेव्हा पाच आठवडे झाले होते.